मोडीत गेलेल्या ट्रकचा आवाज

पैज लागली ती भिका नानाच्या म्हशीवरून.

पारोळ्याला किल्ल्याच्या खंदकामागे एक गल्ली आहे. गल्लीच्या वळणावर कडुनिंब, निंबाखाली हितेंद्रचं पंक्चरचं दुकान, आणि दुकानासमोर बरोबर रस्त्याच्या मधोमध भिका नानाची चंद्री. दुपारी बारा ते तीन ती तिथे बसते. मोटारसायकली वळसा घालतात, लग्नाच्या वराती वळसा घालतात, एकदा आमदारकीच्या प्रचाराची जीपसुद्धा रिव्हर्स घेऊन गेली. चंद्री उठायची ती एकाच आवाजाला, नासीरभाईच्या डिझेल ट्रकच्या. ट्रक हायवे सोडून गावाकडे वळला की त्याचा खोकला अर्ध्या मैलावरून यायचा, आणि चंद्री आधी मागचे पाय उचलून, शेपूट झटकत बाजूला व्हायची.

आता तो ट्रकच जाणार होता. सरकारची योजना आली होती. जुनी डिझेल गाडी मोडीत काढा, काढल्याचा दाखला दाखवा, बॅटरीच्या नव्या ट्रकच्या किमतीत सूट घ्या. नासीरभाईनं तीन महिने आरटीओच्या चकरा मारल्या आणि फाइल पास करून आणली.

"आवाजच नही म्हनतस त्या गाडीले," भिका नाना दुकानातल्या टायरवर बसून म्हणाला. "मंग मनी चंद्री उठी कशी?"

"उठेल नाना. तिला डोळे आहेत."

"चंद्रीले डोया शेत. द्रौपदाअक्काले शेत का?"

हितेंद्रनं हातातली ट्यूब पाण्याच्या टपात बुडवली आणि तो बुडबुडे शोधायला लागला.

द्रौपदाअक्का समोरच्या घरात राहायची. काचबिंदूनं तिचे डोळे गेलेले, उजेड-अंधार तेवढा कळायचा. रस्ता ती कानानं ओलांडायची. तिचा मुलगा समाधान अठरा वर्षं नासीरभाईच्या ट्रकवर क्लीनर होता. दुपारी ट्रक वळणावर थांबायचा, समाधान डाव्या दारानं उतरायचा, आणि अक्का आवाजाच्या अंदाजानं चालत येऊन त्या दाराला हात लावायची. दोन वर्षांपूर्वी समाधान काविळीनं गेला. अक्काचं येणं काही थांबलं नाही. ट्रक आला की ती यायची, दाराला हात लावायची, "उना का रे नासीर" म्हणायची आणि परत जायची. ती उंबऱ्याच्या आत जाईपर्यंत नासीरभाई गाडी हलवायचा नाही.

"बिनआवाजनी गाडी तिना आंगवर जाई एक दिन," नाना म्हणाला. "तू पाहस."

"तिला सांगून ठेवू. दुपारी बाहेर यायचं नाही म्हणून. संपलं." हितेंद्रनं ट्यूब टपातून वर काढली. "तुम्ही म्हशीचं बोला. लावता पैज? नवी गाडी येईल, हॉर्न नाही वाजवायचा, कोणी हाकलायचं नाही. चंद्री उठली तर मी जिंकलो."

"आनि नही उठनी तर?"

"हरणाऱ्यानं आठवडे बाजारातून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. तोंडानं ट्रकचा आवाज काढत. हातात स्टिअरिंग धरल्यासारखं करत."

नानाच्या पोटात हसू मावेना. सत्तरीतला माणूस, पण हात पुढे केलाच.

हितेंद्रला सरळ पैज कधी खेळताच आली नाही. गेल्या होळीला त्यानं एका साहेबाच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये शिट्टी बसवली होती. साहेब जळगावपर्यंत शिट्टी वाजवत गेला. तर म्हैस उठवायला त्यानं काय केलं, की ट्रक मोडीत द्यायला नासीरभाई निघाला तेव्हा हा पण शेजारी जाऊन बसला.

मोडीचं केंद्र धुळ्याच्या पुढे होतं. मोठी पत्र्याची शेड, आत ओळीनं उभ्या असलेल्या एसट्या आणि ट्रक. काहींची दारं काढलेली, काहींचे हेडलाइट काढलेले. दुपारचे साडेबारा. उन्हानं पत्रा मधूनच टण्ण वाजायचा आणि वाटायचं, आत कोणीतरी उतरलं.

"चेसिस नंबरचा तुकडा कापून घेऊ," तिथला माणूस म्हणाला. "तेल काढायचंय. एकदा शेवटची चालू करून त्या खड्ड्यावर आणा."

नासीरभाई वर चढला. चावी फिरवली. तीन खोकले, मग ती जाड घरघर. हितेंद्रनं मोबाईल काढून रेकॉर्डिंग चालू केलं.

"कशाला रे?" नासीरभाईनं विचारलं.

"आठवण."

नासीरभाईनं खिडकीतून हात बाहेर काढून पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि गाडी सोडली. क्लीनरची भाषा असते ती. दोन थापा म्हणजे जाऊ दे, एक थाप म्हणजे थांब. समाधान गेल्यापासून थापा तो स्वतःच मारायचा, आणि दोनच. एक थाप मारायची त्याला वेळ आली नाही, कारण थांबणाऱ्याला स्वतःला कोण सांगतं.

"मोबाईल बंद करा, इथे शूटिंग चालत नाही," तो माणूस ओरडला. हितेंद्रनं रेकॉर्डिंग बंद केलं, फोन खिशात टाकला. त्यानंतर नासीरभाई इंजिन बंद करायला लागला. जुनं डिझेल इंजिन चावी काढून थांबत नाही, आत एक दोरी असते ती ओढावी लागते. नासीरभाईनं दोरी ओढली. इंजिन चालूच. परत ओढली. चालूच. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी ओढली तेव्हा अख्खी गाडी दोनदा हादरली, ओल्या कुत्र्यानं अंग झाडावं तशी, आणि गप्प झाली.

"जायला तयार नव्हती," हितेंद्र हसत म्हणाला.

नासीरभाई हसला नाही. डाव्या दाराकडे बघत होता.

दाखला मिळाला, सूट मिळाली, आणि वैशाखात नवी गाडी गावात आली. पांढरी, सपाट नाकाची, आत एसी. हळू चालली की फ्रीज चालू असल्यासारखी बारीक घूं, बस. नासीरभाईनं पहिल्याच दिवशी अक्काच्या दारात जाऊन सांगितलं. "अक्का, नवी गाडी ऐकू येत नाही. दुपारी तुम्ही बाहेर निघू नका. मीच येऊन भेटून जाईन."

"आवाज नही, तर मी कसाले निघू रे," अक्का म्हणाली.

चार दिवस ती निघाली नाही. तो आत येऊन भेटायचा, ती त्याच्या मनगटाला हात लावायची. चंद्री तेवढे दिवस गोठ्यात होती, नानानं पैजेच्या दिवसासाठी राखून ठेवलेली.

पैजेच्या दिवशी सकाळी नासीरभाई चहा पीत असताना हितेंद्रनं नव्या गाडीच्या डाव्या बाजूला, पत्र्याखाली, तारेनं एक स्पीकर बांधला. गणपतीत मंडळ वापरतं तसला, डब्याएवढा. फोनवरून चालणारा. नासीरभाईला पत्ता नाही. गाडी धुळ्याला गेली, सरकीची ढेप भरून दुपारी परत निघाली.

बारा वाजून गेले. त्या दिवशी ऊन असं होतं की गल्लीत सावलीसुद्धा भिंतीला चिकटून उभी. दारं बंद, कूलरची घरघर, बाहेर कुत्रं नाही. ओट्यावर भिका नाना, दुकानात फोन घेऊन हितेंद्र, रस्त्यात चंद्री. तिघं काय ते जागे.

पांढरी गाडी वळणाच्या अलीकडे आली. काही आवाज नाही. पडद्यावर चित्र सरकावं तशी ती पुढे सरकत होती आणि चंद्री रवंथ करत होती. नानानं मिशीला पीळ द्यायला सुरुवात केली.

हितेंद्रनं फोनवर बोट ठेवलं.

तीन खोकले. मग घरघर. दोन थापा.

चंद्री उठली. मागचे पाय आधी, शेपूट झटकत. नानाचं तोंड उघडं पडलं. हितेंद्रला हसू आवरेना, त्यानं टायरमागे तोंड लपवलं. आणि लपवलं तेव्हाच त्याला समोरच्या दाराची कडी ऐकू आली.

द्रौपदाअक्का बाहेर आली. काठीसुद्धा न घेता. दोन वर्षांत तिला इतकं भराभर चालताना कोणी पाहिलं नव्हतं. हात पुढे, तोंडावर हसू, सरळ आवाजाकडे. आवाज होता तो गाडीच्या डाव्या बाजूला, चाकाजवळ, आणि गाडी डावीकडे वळत होती. नासीरभाईची नजर उजवीकडे, चंद्रीवर. काचा बंद, एसी चालू.

"नासीर," हितेंद्र ओरडला. त्यानंच मोठा करून ठेवलेला आवाज त्याच्या ओरडण्यावर बसला. त्यानं फोनवर बोट मारलं. घामानं बोट घसरलं. परत मारलं. अक्का तीन पावलांवर. दोन.

एक थाप पडली.

पत्र्यावर, डाव्या बाजूनं, अख्ख्या पंजाची. नासीरभाईच्या पायानं डोक्याला न विचारता ब्रेक दाबला. अठरा वर्षांची सवय. चाक अक्काच्या चपलेपासून वीतभर अंतरावर थांबलं.

हितेंद्रनं फोनकडे पाहिलं. आवाज बंद झालेला, पडद्यावर तशी खूण. पण घरघर चालू होती. मग कोणीतरी दोरी ओढल्यासारखी ती दोनदा हादरली, आणि थांबली.

गल्ली एवढी शांत झाली की चंद्रीचा श्वास ऐकू यायला लागला.

अक्कानं हात पुढे करून डाव्या दाराला लावला. पत्रा तापलेला होता, तरी हात काढला नाही. "आज थाप लई जोरमा मारी रे," ती म्हणाली. हे ती नासीरला म्हणत नव्हती. नासीरभाई तर उजव्या दारानं उतरून पुढून पळत येत होता.

"कोणी मारली थाप?" त्यानं विचारलं. पांढराफटक पडला होता. "हितेंद्र, तू होतास इकडे?"

हितेंद्र दुकानातून हलला नव्हता. भिका नाना ओट्यावर. डाव्या बाजूला अक्काशिवाय कोणी नव्हतं, आणि तिचे हात तेव्हा हवेत होते.

दुपारभर हितेंद्रनं दुकान बंद ठेवून ते रेकॉर्डिंग ऐकलं. अकरा वेळा. खोकले, घरघर, दोन थापा, "मोबाईल बंद करा", संपलं. एक थाप त्यात नव्हती. इंजिन थांबतानाचे दोन हादरे तर त्यात असणंच शक्य नव्हतं, फोन तेव्हा खिशात होता. बाराव्यांदा ऐकायचं धाडस झालं नाही. त्यानं ते पुसून टाकलं.

संध्याकाळी तो नासीरभाईकडे गेला आणि स्पीकर त्याच्या पुढ्यात ठेवला. नासीरभाईनं डबा उचलला आणि त्याला अडकलेली तार बोटानं सोडवली.

"माझ्या हातून मारली असतीस तिला," तो हळूच म्हणाला. "मी तिला सांगून आलो होतो, दुपारी निघू नका. ती म्हणाली, आवाज नाही तर कशाला निघू. तू आवाज आणून ठेवलास."

"हो."

"मला सांगून उपयोग नाही. तिला सांग."

हितेंद्रनं आयुष्यात शेकडो थापा मारल्या, पण खरं सांगायला तो कोणाच्या दारात पहिल्यांदाच गेला. अक्का घराच्या दारात लिंबं निवडत बसली होती, उद्याच्या बाजाराची. बोटांनी दाबून पिकलेलं, कच्चं वेगळं करत. त्यानं सगळं सांगितलं. पैज, रेकॉर्डिंग, डबा. तिचे हात थांबले.

"म्हंजे तो नव्हता."

"नाही अक्का. डबा होता."

"गाडीना आवाज डबाना व्हता," अक्का म्हणाली. "मंग थाप कोन मारी?"

बाजूला भिका नाना येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, "म्हैस तर उठनी, अक्का. पैज यानं जितेल शे."

"आवाज चोरीना व्हता. हारना हाऊ." अक्कानं तोंड हितेंद्रकडे वळवलं, त्याच्या डोळ्यांच्या जरा वर. "सकाय बाजारमा पैज भर. मी बठसु तठे. माले आयकनं शे."

दुसऱ्या दिवशी बाजार भरला होता. केळी, मिरच्या, बांगड्या, प्लास्टिकच्या बादल्या, लाउडस्पीकरवर चादरवाला. हितेंद्र अलीकडच्या टोकाला उभा राहिला, हवेत स्टिअरिंग धरलं आणि तोंडानं तीन खोकले काढले. आजूबाजूला एकच हशा पिकला. पोरींनी मोबाईल काढले. कोणी तरी "डिझेल संपलं का रे भाऊ" म्हणालं. नासीरभाई हाताची घडी घालून मागे उभा होता, तो हसत नव्हता.

घरघर, घरघर. हितेंद्र निघाला. कांदेवाल्यांच्या रांगेशी आला तेव्हा घसा बसायला लागला होता. तिथे लिंबांच्या टोपलीमागे अक्का बसलेली, मान तिरकी करून.

"पोकय शे, रिकामी गाडीना," ती म्हणाली. "भरेल व्हती ती तवय. आवाज जाड कर."

त्यानं आवाज छातीतून खाली, पोटात नेला. तिनं मान हलवली. "आते बरोबर."

आणि तिथून पुढे कोणी हसलं नाही. का, ते कोणालाच सांगता आलं नसतं. मिरचीवाल्या सुंदरबाईनं न बघता आपलं पोतं मागे ओढलं. बादल्यावाल्यानं हातगाडी भिंतीला लावली. चादरवाल्यानं लाउडस्पीकर बंद केला. एका माणसाला जायला हातभर जागा पुरते. बाजारानं आठ फूट दिली, दोन्ही बाजूंनी सारखी.

हितेंद्रनं चालता चालता मागे वळून पाहिलं. तो पुढे गेल्यावर लोकांनी जागेवर परत यायला हवं होतं. कोणी येत नव्हतं. टोपल्या जवळ ओढून, लेकरांना पदराखाली घेऊन सगळे तसेच उभे होते, अजून काहीतरी मागून जायचं बाकी असल्यासारखे. आणि अक्का टोपलीमागून उठली होती, हात पुढे करून, त्या मोकळ्या जागेच्या डाव्या कडेला.

बाजाराचं टोक दहा पावलांवर आलं. पैज फिटल्यात जमा होती. नासीरभाईनं लांबूनच हातानं बस म्हणून खूण केली.

हितेंद्रनं तोंड बंद केलं नाही. बंद केल्यावर काय ऐकू येईल, यावर त्याला कोणाशीच पैज लावायची नव्हती.