दिव्याच्या पेटीवरचं कुंकू

ह्यांचा उजवा हात मोडला तो हात वर केल्यामुळं.

चावडीत पंचायतीची निवड होती. तालुक्याहून आलेला कारकून खाटेवर बसला होता. व्यंकटराव देशमुखांच्या बाजूनं कोण, त्यांनी हात वर करा म्हणाला. भराभर हात वर झाले. मग म्हणाला, विरोधात कोण? सात हात. त्यांतला एक ह्यांचा. व्यंकटराव समोरच लोडाला टेकून बसले होते. ते एकेका हाताकडं बघत राहिले.

चार दिवसांनी मोट सोडून घरी येताना ह्यांना ओढ्याच्या वाटेवर तिघांनी धरलं. डोक्याला नाही, पाठीला नाही. फक्त उजवा हात, कोपराच्या खाली, दगडावर ठेवून. हाडवैद्यानं कामट्या बांधल्या, पण हाड वाकडंच बसलं. बोटं मिटत नाहीत. कुणी विचारलं तर हे सांगायचे, बैलानं पाडलं. रझाकारांच्या दिवसांत गावानं इतकं पाहिलं होतं की एका हातासाठी कुणी थांबलं नाही. मीही रडले नाही. मला तेव्हा सातवा महिना होता. भाकरीचे घास करून ताटात ठेवायची सवय लावून घेतली, एवढंच. पुढं ठकी झाली. ती घास तोंडात घ्यायला लागली तेव्हा माझ्यापुढं दोन ताटल्या असायच्या, एक ठकीची, एक ह्यांची. दोन्हींतले घास सारख्याच मापाचे. हे माझ्याकडं न बघता जेवायचे.

वर्ष पालटलं आणि आमदारकीचं इलेक्शन आलं. व्यंकटराव स्वतः उभे राहिले, त्यांची खूण दिवा. समोर परभणीचा एक वकील, त्याची खूण शिडी. तो आमच्या गावात एकदाच आला, तेही सायकलवरून, आणि पिंगळीच्या टेसनावर जायला उशीर होतो म्हणून चहा न घेताच गेला.

त्याच्या आधी एक मास्तर आले होते, सरकारी माणूस. मारुतीच्या पारावर त्यांनी लोखंडाची रिकामी पेटी ठेवली. वरच्या फटीतून कागदाचा तुकडा आत सरकवला आणि म्हणाले, "आता हात वर करायचा नाही. पडद्याआड एकट्यानं जायचं. प्रत्येक खुणेची पेटी वेगळी. पाहिजे त्या पेटीत चिठ्ठी टाकायची. एकदा आत पडली की मलासुद्धा काढता येत नाही."

माझ्या सासूबाई, धुरपताबाई, सगळ्यांच्या पुढं. त्यांनी फटीला डोळा लावला. "अन् आत कुणी बसलेलं नसतंय ना?"

"आत कोण बसणार आजी?"

"न्हाई, इचारलं. गावात कानबी लय हायेत, डोळेबी लय हायेत."

लोक हसले. सासूबाईंना मात्र मत मिळालंच नाही. यादी लिहिणारा आला तेव्हा त्यांनी नाव सांगितलं, मुंजाजीची माय. तो म्हणाला, स्वतःचं नाव सांगा. त्या म्हणाल्या, पन्नास वर्षांत कुणी इचारलं न्हाई, आता तुला कशाला पाहिजे? त्यानं ओळ खोडली. मी माझं नाव सांगितलं. कोकिळा.

मतदानाच्या आदल्या दिवशी सूर्यभान घरोघर फिरला. हा व्यंकटरावांचा माणूस. ओढ्याच्या वाटेवरच्या तिघांतला एक. आमच्या अंगणात येऊन तो बाजेवर बसला, ठकीचा गाल ओढला, पाणी मागितलं. मी तांब्या दिला.

"हे बघ वहिनी," तो म्हणाला, "चिठ्ठी पेटीत टाकायची न्हाई. तिच्यावर नाव नसतंय, चित्र नसतंय, कोरीच असती. पदरात घालायची अन् माघारी आणायची. शाळंपुढच्या बाभळीखाली मी हाय, माझ्या हातात द्यायची. शेवटी मी आत जाईन, समद्या गावाच्या चिठ्ठ्या एकदाच दिव्याच्या पेटीत पडतील. तुमाला ताप नको."

"टाकायची का न्हाई ते आत कुणाला कळतंय?" मी म्हणाले.

"आत न्हाई कळत. भाईर कळतंय. चिठ्ठी हातात आली न्हाई, म्हंजी ती शिडीला गेली." पाणी पिऊन त्यानं तांब्या उपडा ठेवला. ह्यांच्याकडं बघून म्हणाला, "मुंजाजी, एक हात हाय अजून तुला."

हे गोठ्यात कडबा टाकत होते. डाव्या हातानं. टाकत राहिले.

दुसऱ्या दिवशी थंडी फार होती. शाळेपुढं पुरुषांची रांग एकीकडं, बायकांची एकीकडं. आत खोल्या आणि पेट्याही वेगवेगळ्या. ठकी माझ्या कडेवर, तिच्या डोक्याला माझ्या जुन्या लुगड्याचं फडकं बांधलेलं. बाभळीखाली सूर्यभान घोंगडं पांघरून बसला होता. पुरुष आत जात, बाहेर येत, बाभळीखाली वाकत आणि घरी जात. माझ्या डोळ्यांदेखत हे आत गेले, बाहेर आले. सूर्यभानपुढं डावा हात पुढं केला. चिठ्ठी दिली. माझ्याकडं बघितलं नाही. मला त्यांचा राग आला नाही. मला काहीच आलं नाही. ठकीच्या नाकाचा शेंबूड पुसला.

बायकांच्या रांगेत सगळ्यात पुढं कडूबाई. सत्तरीची, वाकलेली. तिच्या हातात करंडा होता.

"करंडा कशाला गं मावशे?" मागून कुणीतरी विचारलं.

"दिवा हाय म्हणं आत. दिव्यापुढं रिकाम्या हातानं जातेत का?"

तिचं बघून दोघीतिघी घरी पळाल्या आणि हळदकुंकू घेऊन आल्या.

कडूबाई आत गेली, बऱ्याच वेळानं बाहेर आली. सूर्यभाननं हात पुढं केला. तिनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं.

"चिठ्ठी आण म्हातारे."

"वाहिली की."

"काय केली?"

"वाहिली. दिव्याला कुंकू लावलं, हळद लावली, अक्षता टाकल्या अन् कागद वाहिला. देवाला वाहिलेलं माघारी घेत असतेत का रे? तुझ्या मायनं काय शिकिवलं तुला?"

रांगेतल्या बायका पदराआड हसल्या. सूर्यभान उठून उभा राहिला, बसला, पुन्हा उठला. शाळेच्या दाराशी पोलीस होता. आणि कडूबाईनं त्याच्याच मालकाच्या दिव्याची पूजा केली होती. तिला काय बोलणार?

"बरं, दिव्यालाच वाहिली ना?"

"मग काय शिडीला वाहू? शिडीला कुंकू लावतेत का कुठं?"

ती खरं बोलत होती. तिला दुसरं काही माहीतच नव्हतं. पण माझ्या पुढची बायनाबाई एकदम गप्प झाली, आणि तिच्या पुढचीही. रांगेत कुणी कुणाकडं बघेना. थोड्या वेळानं करंडा हातोहात मागं सरकायला लागला.

बायनाबाई बाहेर आली ती सूर्यभाननं विचारायच्या आधीच म्हणाली, "वाहिली."

करंडा माझ्याकडं आला. मी चिमूटभर कुंकू डाव्या तळहातावर घेतलं. ठकीनं त्यात बोटं घातली.

आत एका नर्सबाईनं माझ्या बोटाला शाई लावली. मास्तरांनी गुलाबी चिठ्ठी दिली, रुपयाच्या नोटेएवढी. तरटाचा पडदा बाजूला करून मी आत गेले.

दोन पेट्या होत्या. दिव्याची पेटी ओळखू येत नव्हती. हळद, कुंकू, तांदूळ, झेंडूच्या पाकळ्या, वरचं चित्रही लाल झालेलं. तिच्याशेजारी शिडीची पेटी. स्वच्छ. जशी परभणीहून आली तशी.

मी दिव्याला कुंकू लावलं. अनामिकेनं, नीट. मग चिठ्ठी शिडीच्या फटीत सरकवली. आवाज झाला नाही. मला वाटलं होतं आवाज होईल.

तेवढ्यात ठकी पुढं झुकली आणि तिनं शिडीच्या पेटीवर चापट मारली. आनंदानं. तिला कुठलंही पत्र्याचं वाजवायला आवडतं, घरी ती डबा असाच वाजवते. हात उचलला तेव्हा पेटीवर पाच लाल बोटं उठली होती. एवढीशी. गावात शाळेच्या रांगेत लेकरू घेऊन आलेली मी एकटी होते.

मी पदरानं पुसलं. कुंकू पसरलं. थुंकी लावून पुन्हा पुसलं. फटीच्या कडेला गेलेलं नखानं काढलं. बाहेरून मास्तर म्हणाले, "बाई, झालं का?" मी म्हणाले, "लेकरू रडायलंय." ठकी रडत नव्हती. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, मी काहीतरी खेळतेय असं समजून. मी तिची बोटं माझ्या तोंडात घातली आणि कुंकू चोखून काढलं.

बाहेर आले. सूर्यभान उभा.

"वाहिली," मी म्हणाले.

"तू बी? तू तर चार बुकं शिकलेली. कडूबाईचं समजलं, तुला कसं कळलं न्हाई?"

"कुंकू लावून चिठ्ठी माघारी आणायची म्हंजे दिव्याला अपशकून. मालक आजच्या दिवशी उभे हायेत. मला धाडस झालं न्हाई भाऊजी."

तो माझ्या पदरावरच्या लाल डागाकडं बघत होता. "एवढं कुंकू?"

"पोरीनं सांडलं."

ठकी त्याच्याकडं बघून हसली. तिला तो ओळखीचा होता, तिचा गाल ओढणारा. त्यानं मान फिरवली.

संध्याकाळी पेट्या बाहेर आणून मोहरा लावल्या तेव्हा सारा गाव होता. दिव्याच्या पेटीकडं बघून व्यंकटराव खूश झाले. "बायकांनी पूजा केली माझी," असं ते पोलिसालासुद्धा म्हणाले. मी शिडीची पेटी बघत होते. एका कोपऱ्यावर जरा गुलाबी होतं. का मावळतीचं ऊन होतं, कोण जाणे. बैलगाडीत पेट्या चढवल्या, वर कडबा घातला, गाडी गेली.

पुढच्या महिन्यात निकाल लागला. वकील निवडून आला. आमच्या गावच्या पेट्या परभणीला सगळ्यांसमोर उघडल्या होत्या. पुरुषांच्या चिठ्ठ्या बहुतेक दिव्यात. बायकांच्या शिडीच्या पेटीत एकशे चौदा आणि कुंकवानं माखलेल्या पेटीत एकतीस.

सूर्यभान दुसऱ्या दिवशी काठी घेऊन गल्लीत आला. दारोदार. मी चुलीपुढं बसून ऐकत होते. तो विचारायचा, कुणाला? बाई सांगायची, दिव्याला. पुढचं दार. दिव्याला. बायनाबाईनं तर त्याला करंडाच आणून दाखवला, बघ किती कुंकू संपलं म्हणून.

आमच्या दारात तो आला तेव्हा हे बाजेवर होते. डावा हात मांडीवर ठेवलेला. ठकी त्या हाताचं एक बोट धरून उभी राहायचा सराव करत होती. माझं सगळं लक्ष त्या हाताकडं.

"कुणाला?" त्यानं मला विचारलं.

"दिव्याला."

"एकशे चौदा बाया खोटं बोलायल्या."

"त्या कोण ते मला कसं ठावं भाऊजी?"

त्यानं काठीनं मातीत रेघा ओढल्या. मग बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसला, पहिल्यासारखा नाही, दमलेला. "कुणाकुणाचं घर धरू?" असं ह्यांना म्हणाला, जणू ह्यांनीच काही सांगावं. मी पाणी दिलं. तो पिऊन गेला. त्यानंतर आमच्या गल्लीत कुणाला कुणी हात लावला नाही. मला बरं वाटायला हवं होतं. मी पीठ मळायला घेतलं.

जेवताना ह्यांनी विचारलं, "खरं कुणाला टाकलंस?"

वर्षभरात ह्यांनी मला आपणहून विचारलेली ती पहिली गोष्ट होती. ओठापर्यंत आलं होतं. पण मला ओढ्याकाठचा तो दगड दिसला. ह्यांना जे ठाऊक नाही ते ह्यांच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही.

"दिव्याला," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मी भाकरीचे घास करायला लागले, तशी त्यांनी ताटली आपल्याकडं ओढली, भाकरी वाकड्या हाताच्या मनगटाखाली दाबून धरली आणि डाव्या हातानं तुकडा मोडला. पहिला तुकडा त्यांनी ठकीला दिला.