भिंतीतला पिंपळ

आमच्या नगरपरिषदेचा नियम साधा आहे. राहत्या जागेत झाडोरा माजला तर तो मालकाने काढायचा. नाही काढला तर परिषद काढणार आणि खर्च घरपट्टीत चढवणार. या नियमाची आठवण परिषदेला एरवी स्वच्छतेची तपासणी आली की होते. यंदा ती सिंधूताईंनी अर्ज देऊन आधीच करून दिली.

सिंधूताईंच्या स्वयंपाकघराला लागून किसनरावांच्या परसाची भिंत. परसात घाणेरी, गाजरगवत, वेडी बाभूळ; भिंतीत पिंपळ. पिंपळाने भिंत उभी चिरली होती आणि ती ताईंच्या छपराच्या टिनांवर कलली होती. स्वयंपाक करताना ताईंचा एक डोळा भाकरीवर असे, एक भिंतीवर.

नोटीस आल्यावर किसनरावांनी मजूर लावून परस साफ केलं. पिंपळापाशी मजुरांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. किसनराव स्वतः दर गुरुवारी शेगावला जाणारे. त्यांचा तर प्रश्नच नव्हता. थोडा विचार करून त्यांनी ताईंच्या मुलाला हाक मारली.

"संघर्ष, तूच तोडून टाक ना बे. तुमाले काई पाप लागत नाई."

"काऊन, काका? आमचा बोधिवृक्ष म्हंजे हाच."

"तो येगळा असंल."

"तोई पिंपळच हाये."

किसनराव विचारात पडले. इतकी वर्षं शेजारी राहून ही माहिती त्यांना नवीन होती.

तेवढ्यात ताई बाहेर आल्या. "तोडाचं कायले, भाऊ? मुळासकट काढू. आपल्या बुद्धइहाराच्या आवारात लावू. झाडबी जगंल, भिंतबी वाचंल."

तोडगा इतका सरळ होता की किसनरावांना राग आला.

"आमचा पिंपळ तुमच्या इहारात?"

"तुमाले तर तो नकोच हाये ना?"

"नको हाये म्हून काय वाटत फिरू?"

पुढच्या गुरुवारी भिंतीच्या बुडाशी शेंदूर फासलेला दगड दिसला. आरोग्य निरीक्षक पाहणीला आले, त्यांनी चपला काढल्या, हात जोडले, मोबाइलवर फोटो घेतला आणि शेरा मारला : 'झाडोरा काढला. उर्वरित धार्मिक स्थळ.'

"अन् भिंत, साहेब?" ताईंनी विचारलं.

"अर्ज झाडोऱ्याचा आहे, बाई. भिंतीचा विभाग वेगळा."

श्रावणात एका सकाळी ताई नळावर गेल्या होत्या तेव्हा भिंत पडली. टिनं, ओटा, भांडी, सगळं खाली गेलं. ढिगाऱ्यावर पिंपळ तेवढा ताठ उभा. किसनराव धावत आले.

"पिंपळाले काई झालं नाई ना?"

मग त्यांनी शेंदराचा दगड उचलला, पुसला आणि घरी नेला. दगड गेल्यामुळे ते धार्मिक स्थळ राहिलं नाही. निरीक्षकांनी पुन्हा फोटो घेतला, या वेळी चपला घालूनच, आणि नोटीस सिंधूताईंच्या हातात दिली : आपल्या मालमत्तेतील झाडोरा व मलबा तात्काळ हटवावा, अन्यथा खर्च वसूल करण्यात येईल.

ताईंनी अंगणात तीन विटा मांडून चूल पेटवली. किसनराव ढिगाऱ्यापलीकडून बघत होते.

"सिंधूबाई, इटा माह्या हायेत बरं. मोजून ठेवजो."

"अन् झाड?"

"झाड तुह्यं. नोटीस तुह्याच नावानं हाये ना."