पाचवा मजला, कुत्र्यासह

"किती किलोचं आहे हे?" चेअरमननी विचारलं. चपलेला काही चिकटलं की माणूस जसं खाली बघतो, तसं ते कुत्र्याकडे बघत होते.

"सव्वीस," लिफ्टवाला म्हणाला. इतरांच्या लिफ्टा दुरुस्त करणारा तो आज इथे भाड्याने घर बघायला आला होता.

"लिफ्टमधून न्यायचं म्हणता?"

"मागचे पाय अधू झालेत हो त्याचे. पाच मजले चढणार नाही."

चेअरमननी नाकातून आवाज काढला आणि लिफ्टचं बटण दाबलं.

तीन आठवड्यांतली ही चौदावी इमारत. आधीच्या तेरा ठिकाणी नकाराचे तेरा प्रकार ऐकून झाले होते. कुणाच्या बायकोला शिंका येत होत्या, कुणाचा शेजारी वकील होता. एकाने तर कुत्र्याला, म्हणजे फौजदाराला, प्रेमाने गोंजारलं आणि सांगितलं, "कुत्रं गोड आहे, पण मेकॅनिक लोकांना आम्ही जागा देत नाही." लिफ्टवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. हात खिशात घालून तो गपगुमान जिना उतरला होता, कारण राहती खोली रविवारी सोडायची होती आणि आज शुक्रवार होता. बायकोने स्पष्ट सांगितलं होतं, "आज जमलं तर ठीक. नाहीतर फौजदार माझ्या भावाच्या गोदामावर जाईल. मला रस्त्यावर संसार मांडायचा नाही." त्या गोदामावर कुत्री साखळीला असत, उन्हातान्हात. अकरा वर्षं पलंगाखाली झोपलेला, माशीलाही घाबरणारा फौजदार तिथे महिनाभरही टिकला नसता. हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणूनच दोघंही ते बोलत नव्हती.

लिफ्ट वर निघाली. लिफ्टवाल्याचा कान आपोआप तिच्या आवाजाकडे गेला. तेवीस वर्षांची खोड ती. पाचव्या मजल्यावर लिफ्ट थांबली ती फरशीच्या चार बोटं वर. दार उघडल्यावर ती आणखी जराशी वर सरकली. खाली उतरताना फौजदाराचा पाय अडखळला.

लिफ्टवाल्याने वाकून तो फरक बोटांनी मोजला. पण तो स्वतःलाच म्हणाला, गप बस. तुझी लिफ्ट नाही, तुझी कंपनी नाही. आज तू भाडेकरू आहेस.

घरमालकीण म्हणजे निवृत्त मास्तरीणबाई. भाड्याने द्यायच्या फ्लॅटच्या समोरच्याच दारात राहायच्या. गुडघे दुखायचे, जीभ मात्र ठणठणीत.

"चावतं का?"

"नाही बाई."

"भुंकतं?"

"आता नाही. वय झालं."

"मग कुत्रं म्हणून करतं तरी काय?" बाईंनी फौजदाराला नखशिखांत न्याहाळलं. तो त्यांच्या पायाशी बसला आणि त्याने एक लांब श्वास सोडला. "बरं. माझ्यासारखंच आहे. घासाघीस करायची नाही, दाराला ओरखडे चालणार नाहीत, आणि जिन्यात घाण केली तर तुम्ही पुसायची, तुमच्या बायकोने नाही. कळलं?"

"कळलं बाई."

"चेअरमन, द्या यांना सही."

खोल्या दोनच होत्या, पण खिडकीखाली उन्हाचा पट्टा पडला होता. तो पाहूनच लिफ्टवाल्याने मनातल्या मनात तिथे गोधडी टाकून दिली. जिन्यात येऊन त्याने बायकोला फोन लावला. "जमल्यासारखं आहे," एवढंच बोलला. पलीकडून ती म्हणाली, "मग रडताय कशाला?" तो रडत नव्हता. निदान त्याला तसं वाटत होतं.

भाडेकरूच्या फॉर्मवर चेअरमननी सही केली, पण सोसायटीचा शिक्का खालच्या ऑफिसात होता. उतरताना लिफ्ट फरशीच्या तीन बोटं खाली जाऊन टेकली. आणि दार उघडलं तर समोर दोन हमाल, मधे लोखंडी कपाट. चेअरमनच्या सहाव्या मजल्यावरच्या घरी चाललेलं.

"चला, घाला आत," चेअरमन म्हणाले. "तुम्ही दोघंही बसा त्याच्याबरोबर."

हमालांनी कपाटाला हात घातला. हलक्या वजनाला वर सरकणारी लिफ्ट भरल्या वजनाला खाली सुटते. शिकाऊ पोरालासुद्धा हे पहिल्या आठवड्यात सांगतात. अजून दहा मिनिटं तो गप्प राहिला असता तर शिक्का बसला असता. त्याचा हात मात्र त्याच्याआधी पुढे झाला होता, दारात आडवा.

"कुणी चढायचं नाही. ब्रेक गेलाय हिचा."

"काय?" चेअरमन.

"लिफ्ट बंद करावी लागेल."

"आमचा माणूस मागच्याच महिन्यात बघून गेलाय. तुम्ही इथे घर बघायला आलात की आम्हाला अक्कल शिकवायला?"

"काका, सोडा ना," एक हमाल कुरकुरला. "सहा मजले डोक्यावर न्यायचं का हे?"

लिफ्टवाला कुणाशी वाद घालत बसला नाही. वॉचमनकडून त्याने किल्ली मागून घेतली, फौजदाराला कठड्याला बांधलं आणि सहा मजले चढून गच्चीवरची मशीनरूम उघडली. ब्रेकचे पट्टे आतल्या रिव्हेटच्या खिळ्यांपर्यंत झिजले होते. हे पाहून खरं तर त्याला बरं वाटायला हवं होतं, पण बरं वाटलं नाही. त्याने फ्यूज काढून खिशात टाकला आणि कागदावर लिहिलं, 'लिफ्ट चालवू नये.' खाली नाव आणि नंबर टाकला.

खाली येऊन त्याने फ्यूज चेअरमनच्या हातावर ठेवला. "चालू करायची असेल तर हा तुमच्या हाताने बसवा."

चेअरमननी मूठ मिटली. वर जायला मात्र एक पाऊलही टाकलं नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी फॉर्म चुरगळला. "कुत्र्याची घाण नको म्हणून आम्ही नियम केलाय. तुमच्यासाठी मोडणार होतो. चालते व्हा."

वरून, जिन्याच्या पोकळीतून बाईंचा आवाज आला. "काय चाललंय? लिफ्ट का बंद आहे?"

"तुमच्या भाडेकरूने बंद केली!"

"मग मी दवाखान्यात कशी जाऊ? उद्याची वेळ घेतलीय मी." मग आवाज खाली आला, थकलेला आणि कडू. "अहो, राहू द्या तुमचं. मला नको कटकट."

"बाई, ती पडली असती हो," तो वर तोंड करून म्हणाला.

दार लावल्याचा आवाज आला. हमालांनी कपाट डोक्यावर घेतलं आणि जाताजाता त्याला ऐकू जाईल अशी एक शिवी हासडली.

बाहेर येऊन त्याने फोन लावला.

"शिक्का बसला?" बायको म्हणाली.

"नाही. लिफ्टचा ब्रेक गेला होता."

एवढ्यावरच तिला सगळं कळलं. तेवीस वर्षं तीही त्याच्याबरोबर होतीच की. म्हणाली, "भावाला फोन करू?"

त्याने फौजदाराकडे पाहिलं. "कर," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःचाच राग आला. चेअरमनचा आला नव्हता एवढा.

रिक्षावाले कुत्रं घेईनात, म्हणून ते चालत निघाले. तीन आठवड्यांत फौजदाराला एक सवय लागली होती. कुठल्याही इमारतीचं फाटक आलं की तो थांबायचा, कष्टाने मागचे पाय मोडून ताठ बसायचा आणि कुणी विचारायच्या आत शहाण्यासारखा चेहरा करायचा. आजही पहिल्या फाटकाशी तो बसला.

"हे नाही रे," लिफ्टवाला म्हणाला. "चल."

तो उठला. पुढच्या फाटकाशी पुन्हा बसला.

घरापर्यंत एकवीस फाटकं होती. लिफ्टवाल्याने दोरी एकदाही ओढली नाही. प्रत्येक ठिकाणी त्याचं बसून होईपर्यंत तो शेजारी उभा राहिला.