बिडाचा टब

चौकशी करणाऱ्यांनो, तुम्ही धडधडीत खोटं लिहिलंत. मास्तरांना मावशीच्या हलगर्जीपणानं नाही, तुमच्या कागदानं भाजलं.

वृद्धाश्रमाच्या न्हाणीघरात तुम्हीच तो डकवलात: आधी दोन बादल्या कढत, मग दोन गार, पाण्यात हात घालू नये. त्याआधी मास्तरांना आंघोळ घालणारी मावशी कोपर बुडवून पाणी बघायची. हातानं पाण्यात जंतू जातात म्हणालात, आणि जाड रबरी हातमोजे दिलेत. तिनं मुकाट्यानं चढवले. घरी अंथरुणाला खिळलेली बहीण होती, नोकरी जाऊन चालणार नव्हतं.

तेव्हा टब बिडाचा, जाड ओतीव लोखंडाचा होता. चौघांनाही न हलणारा, रात्रभर गारठलेला. कढत पाणी पडलं की पहिली धग तोच गिळायचा. उरलेलं सुखाचं ऊन पाणी मास्तरांच्या वाट्याला. कागद खरा ठरायचा तो त्या टबाच्या जिवावर. हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, मावशीच्याही नाही.

मास्तरांना कमरेखाली गार-गरम काही कळत नसे. टबात बसवलं की रोज विचारायचे, "मावशी, आंघोळ घालताय की बटाटा उकडताय?" ती म्हणायची, बटाटा निदान गप्प बसतो.

मग टब बदलला. नवा प्लास्टिकचा, एका हातानं उचलावा असा. धग गिळायला त्याला पोटच नव्हतं. बादल्या त्याच, कागद तोच. पाणी कमरेच्या खालीच होतं; मास्तरांनी हात काठावर ठेवले, बटाट्याचं विचारलं. दोघं हसली. तिनं निवांत पाठ चोळली. उचलताना पोटऱ्यांची कातडी हातमोज्याला लागून आली.

नवव्या दिवशी मास्तर गेले. जाताना तिलाच धीर देत होते: मला नाही कळलं, तुम्हाला कसं कळणार?

तिला चैन पडेना. मागच्या अंगणात टाकलेल्या बिडाच्या टबात तिनं त्याच चार बादल्या ओतल्या, हातमोजा काढून कोपर बुडवलं. सोसवेल असं ऊन. मग नव्या टबात तसंच केलं, आणि कोपर झटकन मागे आलं. ती तिथेच फरशीवर बसून रडली.

तुमच्यापुढे तिनं हे सगळं सांगितलं. तुम्ही कबुलीजबाब पुढे सरकवलात: सही करा. तिनं पेन घेतलं नाही. हातमोजे तुमच्या टेबलावर ठेवले.

"नोकरी घ्या माझी. पण टब बदललात, तेव्हा भिंतीवरचा कागद कुणी बदलायचा होता? त्याचं नाव सांगा."