रांगेतला बेर्गुर

"मी पडलेलो नाही," गॅरेजच्या फरशीवरून बेर्गुर म्हणाला. "बसलोय."

"दिसतंय मला," त्याची बायको रानवेग दारातून म्हणाली.

बर्फावर पकड धरणारा खिळ्यांचा टायर त्याच्या मांडीवर होता आणि उजवा हात बाजूला लुळा लोंबत होता. उन्हाळ्यात खांद्याचं ऑपरेशन झालं, तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं, की बटाट्याच्या पिशवीपेक्षा जड काही उचलायचं नाही. पण हिवाळ्याच्या तोंडावर उन्हाळी टायर काढून खिळ्यांचे चढवायचे, हे काम बेर्गुर लग्न झाल्यापासून स्वतःच्या हातानं करत आला होता. पहिला बर्फ पडला की हुसाविक गावातली निम्मी माणसं टायरवाल्या ह्यल्तीच्या दारात गाड्यांची रांग लावत. तेव्हा हा पठ्ठ्या मुद्दाम त्या रस्त्यानं फिरायला जाई आणि एकेकाच्या काचेवर टकटक करून विचारी, "काय, हात गहाण पडलेत का?"

रानवेग त्याला ऊठ म्हणाली नाही. तीच त्याच्याशेजारी फरशीवर टेकली. "तुला झेपत नाही" असं म्हटलं, तर हा माणूस अख्खा हिवाळा तोंड शिवून बसेल, हे ती ओळखून होती. म्हणून तिनं आडवळण घेतलं.

"मी म्हणते, बारमाही टायर घेऊ. एकदा बसवले की बसवले. पैसे वाचतील."

"पैसे?" बेर्गुरनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. बैठकीच्या खोलीत चार दिवे असताना गेल्याच आठवड्यात पाचवा आणणारी ती बाई. "तू वाचवणार?"

दुसऱ्या दिवशी पोहण्याच्या तलावावरच्या गरम कुंडात त्यानं हे प्रकरण स्वतःच मांडलं. गावातले सगळे खटले त्या कुंडातच चालतात. गळ्यापर्यंत पाण्यात बसायचं, डोक्यावर थंडी घ्यायची आणि निकाल द्यायचा. त्या दिवशी रानवेगबरोबर शेजारीण थोरुन होती आणि मासळीच्या कारखान्यातला जुना सोबती एविन्दुर होता.

"बारमाही म्हणजे दोन्ही घरचा पाहुणा उपाशी," बेर्गुर म्हणाला. "उन्हाळ्यात झिजणार, हिवाळ्यात घसरणार."

"पण तू जातोस कुठे?" एविन्दुर म्हणाला. "इथे डुंबायला, नाहीतर पाव आणायला. रोज घाट चढणाऱ्यानं खिळे लावावेत. तुझे खिळे नुसता डांबरी रस्ता खरवडतात."

"टायरच्या बाजूवर डोंगर आणि हिमकणाची खूण आहे का, ते बघून घे," थोरुन म्हणाली. "तेच बर्फावर तपासलेले असतात. बाकीचे नावाचेच बारमाही."

"आणि दुसरा संच घ्यायला नको, ठेवायला नको," रानवेगला हुरूप आला, "वर्षातून दोनदा उचलायला..."

तिनं जीभ चावली, पण उशीर झाला होता. सगळ्यांच्या नजरा बेर्गुरच्या उघड्या खांद्यावरच्या लांब वणाकडे गेल्या. कुंडात काय लपवणार? एविन्दुर घाईघाईनं खाडीकडे बघायला लागला.

"पाणी आज कोमट आहे," बेर्गुर म्हणाला आणि बाहेर पडला. त्या रात्री तो अर्ध्या जेवणावरून उठला. माझंच तोंड मेलं आवरत नाही, असं म्हणत रानवेगनं भांडी जरा जास्तच आपटली.

सकाळी उठून पाहतात तो कुंपणं पांढरी झालेली. बेर्गुरनं किल्ल्या तिच्यासमोर ठेवल्या. "चल. पण चालव तू."

रांग ह्यल्तीच्या दुकानापासून थेट बंदरापर्यंत गेली होती. बेर्गुरनं लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि तो सीटमध्ये खाली सरकला. ओळखीची माणसं जवळून जायची तेव्हा रानवेगच रेडिओचं बटण फिरवत बसायची. शेवटी जे व्हायचं ते झालंच. काचेवर टकटक झाली. बाहेर एविन्दुर उभा होता आणि त्याच्यामागे आणखी चारपाच जण, सगळ्यांचे दात दिसत होते.

"काय बेर्गुर, हात गहाण पडलेत का?"

बेर्गुरनं काच सावकाश खाली केली.

"हो," तो म्हणाला. "उजवा पडलाय. डावा अजून माझ्याकडे आहे."

मग बेर्गुर स्वतःच हसला आणि बाकीचे असे काही हसले की मागच्या गाड्यांतली माणसं काय झालं ते बघायला उतरली. एविन्दुरनं त्याच्या हातात कॉफीचा पेला दिला. बेर्गुर खाली उतरला तो पुन्हा गाडीत बसायला तयार होईना. शंभर क्रोनांचं नाणं डाव्या हातात घेऊन तो रांगेतला एकेक टायर तपासत सुटला. नाणं रबराच्या खाचेत उभं धरायचं आणि त्यावरचा मासा किती बुडतो ते पाहायचं, ही त्याची घरची रीत.

"डोळ्यापर्यंत बुडतोय. घरी जा, अजून एक हिवाळा निघेल," तो एकाला म्हणाला, आणि पुढच्याला, "तुझा नुसता पोहतोय, तू थांब." चर्चची पाद्रीण घाटापलीकडच्या वस्त्यांवर जायची, तिला तो म्हणाला, "बाई, तू खिळेच घे. देव वर आहे, बर्फ खाली आहे."

चौथी गाडी रांगेतून वळून निघून गेली, तेव्हा ह्यल्ती हात पुसत बाहेर आला. "बेर्गुर, तुला आधी घेतो. नाहीतर दुपारपर्यंत माझं दुकान बंद पाडशील."

बारमाही टायर बसले. डोंगर आणि हिमकणाची खूण बेर्गुरनं चारही टायरांवर बोट फिरवून पाहिली. घरी येताना त्यानंच गाडी चालवली, आणि बर्फाळ चढावर गाडी न घसरता वर आली तेव्हा तो फक्त "हं" म्हणाला. रानवेगला तेवढं पुरे होतं. ती वाटभर गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बटाटे सोलत होती, तेव्हा पाठीमागून आवाज आला, "मासा कुठाय?"

सुरी तिच्या हातून निसटली. दारात बेर्गुर उभा, ओले केस, काखेत टॉवेल.

"मेल्या, दचकवलंस की! मला कसं कळणार तू आलास ते? गाडी वाजतच नाही आता."

इतके हिवाळे चर्चच्या वळणावरून खिळ्यांची कडकड ऐकू आली की ती तव्यात लोणी टाकायची. तो बूट काढून आत येईपर्यंत माशाची एक बाजू खरपूस झालेली असायची. आज गाडी मांजरीच्या पावलांनी आली होती. त्या कडकडीची आपल्याला इतकी सवय झाली असेल, असं रानवेगला वाटलं नव्हतं. तिनं सुरी उचलली आणि ती पुन्हा बटाट्यांकडे वळली.

बेर्गुरनं तिच्या पाठीकडे पाहिलं. मग त्यानं बूट पुन्हा चढवले आणि तो बाहेर गेला. गाडी सुरू होऊन उताराला लागली.

जरा वेळानं चर्चच्या वळणावरून भोंगा वाजला, चांगला लांबलचक. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. काय झालं बघायला थोरुननं खिडकी उघडली.

रानवेगनं तव्यात लोणी टाकलं.