पलीकडच्या खोलीतून

"पुन्हा लिही," म्हणत आजोबांनी तळहात पुढे केला.

आजीने पुन्हा लिहिले. बोट थरथरले, अक्षर वाकडे गेले.

"अक्षर लागत नाही गं. महत्त्वाचं आहे का?"

महत्त्वाचे कसले! समोरच्या शिंपिणीच्या मांजराने दोऱ्याच्या रिळांशी खेळून तिलाच गुंत्यात अडकवले होते. आजीने त्यांच्या हातावर दोनदा थोपटले, म्हणजे 'नाही'.

आजोबा वेताच्या खुर्च्या विणत. ऐन उमेदीत आधी कान गेले, मग डोळे. वाचा तेवढी शाबूत राहिली. तेव्हापासून सगळे जग आजीच्या बोटावर चालत त्यांच्या तळहाताशी येई. आता त्या बोटाला कंप सुटला होता आणि औषधाला तो दाद देत नव्हता. बोलणे आटत आटत जेवण, गोळ्या आणि गिऱ्हाइके एवढ्यावर आले होते. बाकीचे आजी गिळून टाकी.

सून पहिलीच्या वर्गाला शिकवायची. एका सुट्टीला ती दोन फोन घेऊन आली.

"आई, तुम्ही ह्यात नुसतं बोलायचं. बाबांचा फोन प्रत्येक अक्षरासाठी वेगळा थरथरेल. ब्रेल त्यांना येतंच. ठिपक्यांच्या जागी थरथर, एवढंच."

"थरथर तर माझ्याकडे फुकट आहे," आजी म्हणाली.

सुनेने घाई केली नाही. आधी एक अक्षर. ते पक्के झाले, की दुसरे. अक्षर पुरे व्हायच्या आतच आजोबा उत्तर ठोकून देत. सून हसून त्यांचा हात फोनवर दाबून धरी. "वर्गात असा एक असतोच, आई. प्रश्न संपायच्या आत हात वर."

आजोबांना सगळी अक्षरे लागू लागली, तेव्हा सुनेने दुसरा फोन आजीच्या हातात दिला.

"इतक्या वर्षांनी ह्यांच्याशी तोंडाने काय बोलू? लाज वाटते बाई."

"मांजराचं सांगा ना."

आजीने रिळांसकट सगळे सांगितले. सांगून झाल्यावर, एकेक अक्षर पोचून, बऱ्याच उशिराने आजोबा खो खो हसले. आजीने तोंडाला पदर लावला.

मग तिला धरबंध राहिला नाही. स्वयंपाकघरातून, गच्चीवरून, जिन्यातून ती बोलू लागली. आजोबांच्या खिशातला फोन गुणगुणे आणि त्यांचे दोन्ही हात विणायला मोकळे राहत. कामाचा उरक वाढला. आजीच्याही फेऱ्या वाचल्या.

एके दुपारी चहाचे आधण ठेवता ठेवता ती फोनमध्ये म्हणाली, "अहो, शिंपीण मांजराला नवं घर बघतेय. आपण आणायचं का?"

उघड्या दारातून तिला आजोबा दिसत होते. त्यांचा हात वेतावर थांबला. अक्षरे लागताना कलते तशी मान कलली. ओठांच्या कडेला हसू आले आणि गेले.

"कळलं नाही," आजोबा म्हणाले.

तिने सावकाश, तोडून तोडून तेच सांगितले.

"छे. फोन बिघडलाय बहुतेक. इकडे ये."

आजीने गॅस बंद केला. ओले हात पुसले. थरथरत्या बोटाकडे क्षणभर पाहिले आणि ती बाहेर गेली.

आजोबांनी विणकाम खाली ठेवले होते. शेजारचे, आजी बसायची ते स्टूल जवळ ओढून ते त्यावरचे वेताचे तुकडे हाताने चाचपून एकेक करून उचलत होते.