मेंढीला म्हणायचं गाणं

मायाक्काने मेंढीची मान दोन्ही गुडघ्यांत धरली आणि पोरक्या कोकराच्या पाठीवर मिठाचं पाणी चोळलं. मेंढीने ते चाटावं, चाटता चाटता कोकराला आपलं मानावं, एवढीच खटपट. मेंढीने वास घेतला आणि धडक देऊन त्याला लांब लोटलं.

“हिचं सोताचं काल मेलं,” निंगप्पा हळूच म्हणाला. “आन् ह्याची आई परवा. बोटानं चाटवलेल्या दुधावर हाय ते. आज हिनं घेतलं न्हाय, तर जातंय की.”

काट्यांच्या कुंपणाशी वेणीमाधव मास्तर वही उघडून बसले होते. निंगप्पा त्यांच्या शाळेतला शिपाई आणि मायाक्का त्याची आत्या. मेंढरांना गाणी म्हणणारी आत्या आहे, असं त्याने एकदा सहज सांगितलं, आणि मास्तर सकाळच्या सर्व्हिस मोटारीने सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला निघाले. उतरल्यावर दोन कोस ढेकळं तुडवली, तेव्हा हा माळ लागला.

रविवारी वाचनालयात त्यांचं व्याख्यान होतं. विषय ‘गाण्याचा ऱ्हास’. मुलींच्या शाळेत गाणं शिकवण्याआधी अठरा वर्षं ते एका नाटक कंपनीत ऑर्गन वाजवत आणि पदांना चाली लावत. मग बोलपट आले. ज्या थिएटरात कंपनीचे प्रयोग व्हायचे, तिथे पांढरा पडदा लागला. कंपनी मोडली, नट पांगले. आता पोरींच्या तोंडी बोलपटातली गाणी. तीन मिनिटांत उरकणारी, ना आलाप, ना ठहराव. मागच्याच आठवड्यात शकुंतला नावाची मुलगी वर्गात तसलं काही गुणगुणली, म्हणून मास्तरांनी तिला तासभर उभं केलं होतं. खरं, जुनं, बाजाराचा वारा न लागलेलं गाणं कसं असतं याचा एक दाखला त्यांना व्याख्यानात द्यायचा होता. तेवढ्यासाठी ही पायपीट.

मेंढीने आता लाथ झाडली. कोकरू पडलं, आणि या खेपेला उठलं नाही.

“सुम्ने!” मायाक्काने मेंढीला कानडीत दटावलं. मग पदर डोक्यावर सारखा केला, मेंढीच्या कपाळावर हात ठेवला आणि गायला लागली.

शब्द साधेच होते. ये गं माउली, लेकरू दारी उभं हाय. आवाज जाडसर, उन्हात रापलेला. मास्तरांनी पेन्सिल टेकवली. पहिली ओळ त्यांनी स्वरांत उतरवली. दुसरी ओळ ती गाण्याआधीच त्यांच्या हाताने लिहिली.

ते थबकले. तिने तीच ओळ म्हटली.

ही त्यांची चाल होती. तेविसाव्या वर्षी, कंपनीच्या बिऱ्हाडात, एका पावसाळी दुपारी बांधलेली. नाटकात ती रुसलेल्या नवऱ्याला केलेली विनवणी होती आणि तिला रोज तीनदा ‘वन्समोअर’ मिळायचा. नाटकाच्या पुस्तकावर नाव नाटककाराचं, टाळ्या नटाला. मास्तरांच्या वाट्याला आला तो बुवांचा राग. ज्यांच्याकडे ते गाणं शिकले, ते बुवा मुद्दाम प्रयोगाला आले आणि “तुमच्या पिढीनं गाणं बुडवलं,” एवढं बोलून उठून गेले. पुढे मरेपर्यंत त्यांनी मास्तरांना दारात उभं केलं नाही.

“हे... हे कुठून शिकलात तुम्ही?” मास्तरांनी विचारलं.

मायाक्काने मेंढीवरची नजर काढली नाही. “सासूकडनं. लई जुनं हाय. देवाच्या वक्ताचं.”

“सासू कधी सोलापुरात राहिल्या होत्या?”

“ऱ्हात्यात कशाला? चारा न्हवता त्या साली मेंढरं घिऊन म्हैनाभर बसलो होतो, तेवडंच. म्होरं कसला तरी मोठा तंबू हुता. लई गलका चालायचा तितं.”

मास्तरांना तो महिना आठवला. थिएटर मिळालं नव्हतं, म्हणून कंपनीने माळावर तंबू ठोकला होता. तिसऱ्या अंकात, ऐन पदाच्या वेळी तंबूबाहेर मेंढ्या ओरडायच्या. मॅनेजर धनगरांना शिव्या द्यायचा. कनातीपलीकडे कोणी ऐकतही असेल, हे कोणाच्या मनात आलं नव्हतं.

“कुणी केलं असेल हो हे गाणं?” त्यांनी विचारलं.

“गाणं कुणी करतंय व्हय?” ती हसली. “असतंय ते.”

निंगप्पाने मास्तरांकडे पाहिलं. ते चष्मा काढून उपरण्याच्या टोकाने पुसत होते. पुसून झाला तरी पुसत राहिले. चाल आपली आहे हे या बाईला सांगावं, असं एकदा मनात आलं. मग वाटलं, सांगून तिचं काहीतरी काढून घेतल्यासारखं होईल. आणि आपली चाल ‘देवाच्या वक्ताची’ झाली, हे जे आपल्याला मिळालं आहे, त्यात कशाची भर पडणार?

शकुंतला कोणतं गाणं गुणगुणत होती, ते त्यांना आठवेना. त्यांनी ते ऐकलंच नव्हतं, नुसतं थांबवलं होतं.

मायाक्काने गाणं पुन्हा धरलं. मेंढीचं अंग सैल पडलं. निंगप्पाने कोकराला उचलून तिच्या कासेशी धरलं. ती एकदा वळली, तिने हुंगलं, आणि मिठाची पाठ चाटू लागली. कोकराची इवली शेपटी थरथरली. मग ते चोखायला लागलं.

“घेतलं!” निंगप्पा ओरडला, आणि आत्याने डोळ्यांनी दटावल्यावर गप्प झाला.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “मास्तर, रविवारचं लिवायचं ऱ्हायलं न्हवं?”

“लिहीन. आधी हे शिकू दे.” ते मायाक्कासमोर मातीत मांडी घालून बसले. “शिकवाल मला?”

“तुमी गाण्याचं मास्तर, तुमाला काय शिकवू?” ती लाजली. पण सांगायला लागली.

मास्तर मागून म्हणू लागले. ओळीच्या शेवटी, सवयीने, त्यांच्या गळ्यातून ती जुनी तान निघाली, ज्या तानेवर सगळा तंबू टाळ्यांनी दणाणायचा.

मेंढीने दचकून मान वर केली. कोकराच्या तोंडून कास सुटली.

“न्हाय, न्हाय. चुकलं, मास्तर.” मायाक्काने हात वर केला. “हितं पळायचं न्हाय. हितं थांबायचं. ती घाबरती की.”

तिने ओळ पुन्हा म्हटली आणि शेवटी एकाच कोमल स्वरावर थांबली. थांबली, आणि तो स्वर तसाच खाली मातीत मुरू दिला. शिकवताना बुवांनी याच स्वरावर थांबायला सांगितलं होतं. टाळ्या घ्यायला त्याच्यावरून धावत जाऊ नकोस, म्हणाले होते.

मास्तरांचा हात कानाच्या पाळीला गेला, गुरूचं नाव घेताना जातो तसा. पण त्यांनी कोणाचंच नाव घेतलं नाही.

“पुन्हा सांगा, बाई,” ते म्हणाले, आणि या खेपेला थांबले.